उपाशीपोटी 118

माझी उपाशीपोटीची साखर गेली कित्येक वर्षं 115 ते 125 च्या मधेच रेंगाळते. पुरणपोळीच्या दुसऱ्या दिवशी 119, महिनाभर गोड बंद ठेवल्यावर 118. जेवणानंतर दोन तासांनी 140 च्या आगेमागे आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा, 6.4. अंगकाठी सडपातळ, बीपी व्यवस्थित. नोकरीच्या वेळच्या मेडिकलमध्ये हे आकडे पहिल्यांदा दिसले, फाइलवर "टाइप 2" असं लिहिलं गेलं आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी डोस वाढवला. आकडा तसूभरही हलला नाही. "पथ्य पाळत नाही वाटतं?" हे मग डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांकडून ऐकावं लागलं. सासूबाई माझा चहा वेगळ्या पातेल्यात बिनसाखरेचा करायला लागल्या. माया होती त्यांची, पण तो चहा पिताना मला दरवेळी वाटायचं की आपण काहीतरी चोरून खातोय असं घरात सगळ्यांना वाटत असणार.

मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. विकरांचा धडा दरवर्षी येतो. त्यात विकर म्हणजे रेणू जोडणारं किंवा तोडणारं प्रथिन एवढं नीट येतं. रेणूही प्रथिनांवर काम करतात, त्यांना बातमी देतात, त्यांना चालू-बंद करतात, हा भाग दोन-चार ओळींत उरकलेला असतो. माझ्या रिपोर्टचं उत्तर नेमकं त्या दोन-चार ओळींत होतं.

पहिला धागा बाबांच्या फाइलमध्ये सापडला. बाबा एसटीत होते, कागद जपून ठेवायची सवय. त्यांच्या ट्रंकेत 1994 पासूनचे रक्ताचे रिपोर्ट होते. सुरुवातीचे हाताने लिहिलेले, मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरचे फिकट झालेले, शेवटचे रंगीत लोगोवाले. मी ते हॉलमध्ये फरशीवर वर्षाप्रमाणे मांडले. 121, 116, 124, 119, 122, 127, 120. पंचवीसेक वर्षांत लॅब बदलल्या, मशीन बदलली, बाबांचं वजन वाढलं, निवृत्ती झाली, मधे एकदा त्यांनी वर्षभर गोळ्या घेतल्याच नव्हत्या. आकडे तिथेच. डोळ्यांचा पडदा स्वच्छ, लघवीत प्रथिन नाही, पायांना मुंग्या नाहीत. टाइप 2 असं वागत नाही. तो वर्षागणिक चढत जातो, कारण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी हळूहळू थकत जातात. आत्यालाही "थोडी साखर" होती, आणि ती थोडीच राहिली होती.

ती सगळी रिपोर्टं घेऊन मी पुण्याला हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्या फाइलपेक्षा बाबांचीच फाइल जास्त वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमची साखर वाढलेली नाही. ती वरच्या आकड्यावर बसवलेली आहे." त्यांचा संशय मोडी (MODY) नावाच्या मधुमेहाचा होता. एकाच जनुकातल्या बदलाने येणारा, पिढ्यान्‌पिढ्या दिसणारा, तरुणपणीच सापडणारा मधुमेह. त्याचे बरेच प्रकार आहेत, आणि त्यातल्या ग्लुकोकायनेज नावाच्या प्रथिनाच्या प्रकाराकडे त्यांनी बोट दाखवलं.

आधी इतर शक्यता दूर करायच्या होत्या. स्वादुपिंडावर शरीर स्वतःच हल्ला करत असेल तर गॅड अँटिबॉडी सापडतात, त्या नव्हत्या. सी-पेप्टाइड व्यवस्थित होतं, म्हणजे इन्सुलिन बनत होतं. मग ग्लुकोज टॉलरन्स. सकाळी उपाशीपोटी रक्त, नंतर 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून पाच मिनिटांत संपवायचं, आणि दोन तास बाकावर बसून राहायचं. ते पाणी इतकं मिट्ट गोड असतं की घशाशी येतं. लॅबमधल्या ताईंनी त्यात लिंबू पिळून दिलं म्हणून गेलं. आधी 117, दोन तासांनी 149. वाढ फक्त 32 ची. डॉक्टरांना हाच आकडा हवा होता. या प्रकारात बहुतेकांची वाढ 54 च्या आत राहते. टाइप 2 मध्ये ती सहसा त्याहून बरीच मोठी असते. मग जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेऊन ते जनुक वाचायला पाठवलं. रिपोर्टला काही आठवडे लागणार होते.

त्या आठवड्यांत मी ग्लुकोकायनेजबद्दल जे मिळेल ते वाचलं. जे कळलं ते सावकाश सांगते, कारण मला त्याचं अजूनही अप्रूप वाटतं.

ग्लुकोज पेशीत शिरलं की पहिलं काम ठरलेलं असतं: त्याच्या सहाव्या कार्बनवर फॉस्फेट बसवायचं. मेंदूत आणि स्नायूंत हे हेक्झोकायनेज करतं. त्याची ग्लुकोजवरची पकड इतकी घट्ट की रक्तातली साखर 70 असो नाहीतर 170, ते कायम भरलेलंच असतं. त्याला आवर घालतं ते त्यानेच बनवलेलं ग्लुकोज-6-फॉस्फेट. ते साठलं की त्याच विकरावर जाऊन बसतं आणि काम थांबवतं. स्नायूला हे सोयीचं आहे, पण अशा विकराला रक्तात किती साखर आहे याचा पत्ताच लागत नाही.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत आणि यकृतात मात्र ग्लुकोकायनेज असतं. त्याची पकड ढिली. अर्ध्या वेगाला पोचायलाच त्याला सुमारे 8 मिलिमोल, म्हणजे आपल्या रिपोर्टच्या भाषेत 144 च्या आसपास ग्लुकोज लागतं. आणि ग्लुकोज-6-फॉस्फेट साठलं म्हणून ते थांबत नाही. त्यामुळे रक्तातली साखर रोज ज्या पट्ट्यात वरखाली होते, नेमक्या त्याच पट्ट्यात त्याचा वेगही वरखाली होतो. पकड ढिली आहे म्हणूनच ते साखर मोजू शकतं. मी घट्ट पकड म्हणजे चांगलं विकर असंच शिकले होते. इथे सगळी करामत ढिल्या पकडीत आहे.

रचना आणखी सुंदर आहे. 465 अमिनो आम्लांची एकच साखळी, एक मोठा भाग, एक लहान भाग आणि मधे खाच. ग्लुकोज नसतं तेव्हा लहान भाग मोठ्यापासून पार दूर वळलेला असतो आणि प्रथिन कामाच्या अवस्थेत नसतं. 2004 साली जपानमधल्या संशोधकांनी या प्रथिनाचे स्फटिक करून दोन्ही अवस्था क्ष-किरणांनी दाखवल्या: उघड्यातून मिटलेल्या अवस्थेत येताना लहान भाग जवळजवळ काटकोनात फिरतो. हे फिरणं सावकाश होतं, आणि त्या सावकाशीला अर्थ आहे. ग्लुकोज खाचेत बसलं, प्रथिन मिटलं, एटीपी या पेशीच्या इंधन-रेणूकडून फॉस्फेट घेतलं, रेणू सुटला. भोवती ग्लुकोज भरपूर असेल तर प्रथिन पूर्ण उलगडण्याआधीच पुढचा रेणू येऊन बसतो आणि काम चालू राहतं. ग्लुकोज कमी असेल तर ते पुन्हा पूर्ण उलगडतं आणि पुढच्या खेपेला सगळा वळसा नव्याने घ्यावा लागतो. म्हणून साखर वाढते तसा त्याचा वेग सरळ रेषेत वाढत नाही, एस आकाराच्या वक्राने वाढतो. हिमोग्लोबिनचा वक्रही असाच असतो, पण हिमोग्लोबिनला चार जोडीदार लागतात. हे एकटं, एकाच खाचेवर, केवळ आपल्या हळू उलगडण्यातून ते साधतं.

पुढची साखळी भराभर सांगते. ग्लुकोजला फॉस्फेट लागलं की ते जळतं आणि पेशीतला एटीपी वाढतो, त्याचं वापरलेलं रूप म्हणजे एडीपी घटतो. बीटा पेशीच्या पटलावर पोटॅशियमचे दरवाजे असतात, आणि एटीपीचा रेणू थेट त्या दरवाज्याच्या प्रथिनावर बसून तो मिटवतो. बीटा पेशीत ग्लुकोजमुळे हा दरवाजा बंद होतो हे फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट यांनी 1984 साली दाखवलं. दरवाजा मिटला की पटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रित्या होतात. एटीपी म्हणजे पेशीचं इंधन असं आपण मुलांना सांगतो. इथे तो निरोप्या आहे. या दरवाज्याच्या जनुकात दोष घेऊन जन्मलेल्या काही बाळांना पहिल्या महिन्यांतच मधुमेह होतो, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं इन्सुलिन थांबवून सल्फोनिलयुरियाची गोळी देता येते, कारण ती गोळी तोच दरवाजा मिटवते.

यकृतात आणखी एक थर आहे. उपाशी असताना तिथलं ग्लुकोकायनेज पेशीच्या केंद्रकात एका नियंत्रक प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं. फ्रुक्टोज-6-फॉस्फेट ती मिठी घट्ट करतं, फ्रुक्टोज-1-फॉस्फेट सोडवतं. हे फ्रुक्टोज-1-फॉस्फेट आपण फळ खाल्लं की बनतं. म्हणजे पेरूच्या चार फोडींतून गेलेली एवढीशी फ्रुक्टोज यकृताला कळवते की जेवण आलंय, साखर आत घ्यायला विकर बाहेर काढा. बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात एमिल व्हान शाफ्टिंजेन यांनी हे उलगडलं. ते वाचल्यावर मला वाटलं, बारावीचा धडा इथूनच सुरू व्हायला हवा.

आता माझा आकडा. निरोगी माणसात इन्सुलिन जोमाने सुटायला लागतं ते साधारण 5 मिलिमोलला, म्हणजे 90 ला, आणि हा उंबरठा ग्लुकोकायनेज ठरवतं. ग्लुकोकायनेज हाच बीटा पेशीचा साखर-मापक आहे हे फिलाडेल्फियात फ्रान्झ मात्शिन्स्की यांनी वर्षानुवर्षं मांडलं, आणि 1992 साली फ्रेंच कुटुंबांच्या अभ्यासातून या जनुकाचा मोडीशी संबंध सिद्ध झाला. जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर उंबरठा वर सरकतो, 110-125 च्या घरात जातो, पण त्या उंबरठ्याच्या वर सगळं यंत्र शाबूत असतं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक थोडा वर बसवला तर पाणी चार बोटं वर थांबतं, पण थांबतं. टाकी वाहून जात नाही. म्हणूनच मेटफॉर्मिनने काही होत नव्हतं, आणि मी गोड सोडूनही काही होत नव्हतं. शरीर स्वतःचा आकडा राखत होतं.

रिपोर्ट आला. जीसीके जनुक (म्हणजे ग्लुकोकायनेजचंच), हेटरोझायगस, पॅथोजेनिक: दोन प्रतींपैकी एकीत बदल, आणि तो आजार घडवणारा. सातव्या गुणसूत्रावरच्या त्या जनुकात एक अक्षर बदललेलं, त्यामुळे साखळीत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं. असे सहाशेहून अधिक वेगवेगळे बदल जगभरात नोंदले गेले आहेत. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन बंद करायला सांगितली. मी विचारलं, "आणि पुढे वाढली तर?" त्या म्हणाल्या, "तीन महिन्यांनी बघू. वाढणार नाही." तीन महिन्यांनी एचबीएवनसी 6.4 च होतं. 2014 साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या अशाच लोकांचा अभ्यास आला होता. जवळजवळ पन्नास वर्षं अशी किंचित चढी साखर घेऊन जगलेल्यांतही मूत्रपिंडाचे, नसांचे आणि हृदयाचे गंभीर त्रास फार वाढलेले नव्हते. डोळ्यांच्या पडद्यावर सौम्य बदल थोडे जास्त दिसले, म्हणून मी डोळे तपासत राहते. बाबांची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्यांनी गोळ्यांची पट्टी कपाटातून काढून औषधवाल्याला परत देता येते का विचारलं.

एक कळकळीने सांगते. हे वाचून कुणी आपल्या गोळ्या बंद करू नका. आपल्याकडे साखर असणाऱ्यांत बहुसंख्य टाइप 2 चेच आहेत आणि त्यांना औषधाची गरज असते. आयर्लंडमधल्या गर्भवतींच्या एका पाहणीत हा जनुकबदल हजारात साधारण एकीत सापडला, म्हणजे तो विरळाच. पण वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेला आकडा, सडपातळ अंग, आई किंवा वडिलांचा तसाच आकडा, हे तिन्ही जुळत असेल तर जुने रिपोर्ट घेऊन तज्ज्ञाकडे नक्की जा. इंटरनेटवर एक्सिटर विद्यापीठाचा मोडीची शक्यता काढणारा कॅल्क्युलेटर आहे, पण तो युरोपीय लोकांच्या आकड्यांवर बेतलेला, त्यामुळे त्याच्या टक्केवारीवर मी फार विसंबणार नाही. आपल्या देशात मोडीवर काम होतं. चेन्नईचं मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन त्यात बरीच वर्षं आहे.

खरी कसोटी गरोदरपणात लागली. पहिल्याच तपासणीत 114, आणि प्रसूतितज्ज्ञांनी लगेच इन्सुलिनचं नाव काढलं. गरोदरपणात 114 म्हणजे नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते. पण इथे दोन जीव होते आणि दोघांचे मापक वेगळे असू शकत होते. बाळाला माझा बदललेला जनुक मिळण्याची शक्यता निम्मी.

बाळाला तो मिळाला नसेल तर त्याच्या बीटा पेशींचा उंबरठा 90 ला. नाळेतून माझी 118 ची साखर येणार, त्याला ती जास्त वाटणार, ते जादा इन्सुलिन सोडणार, आणि गर्भात इन्सुलिन म्हणजे वाढीचा हुकूम. अशी बाळं सरासरी अर्धा किलोहून जास्त वजनाने मोठी जन्मतात. बाळाला तो मिळाला असेल तर त्याचाही उंबरठा माझ्याइतकाच. माझी साखर त्याला नेहमीची वाटणार आणि ते बेताने वाढणार. अशा वेळी मला इन्सुलिन टोचून साखर 90 ला आणली तर बाळाला ती कमी वाटेल, त्याचं इन्सुलिन घटेल आणि ते लहान राहील. म्हणजे एकाच इंजेक्शनने एका बाळाचं भलं आणि दुसऱ्याचं नुकसान, आणि आत कोणतं बाळ आहे हे बाहेरून कळत नाही.

माझ्या पुण्याच्या डॉक्टर आणि सांगलीचे प्रसूतितज्ज्ञ फोनवर बराच वेळ बोलले. ठरलं असं की सव्वीसाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करायची आणि बाळाच्या पोटाचा घेर मोजायचा. घेर वरच्या चतुर्थांशात गेला तर बाळाला जनुक मिळालेला नाही असं धरून इन्सुलिन सुरू करायचं. पडद्यावर डॉक्टर पोटाभोवती ठिपक्यांचं लंबवर्तुळ काढायचे, आकडा उमटायचा आणि मी आलेखाच्या रेघेकडे बघायचे. दर वेळी घेर मधल्या रेघेच्या जरासा खालीच. इन्सुलिन लागलं नाही. घरात मात्र सगळ्यांना समजावणं सोपं नव्हतं. "साखर 118 आणि इंजेक्शन नाही? हे कसले डॉक्टर?" असं आईच म्हणाली. मी तिला सोनोग्राफीचा आलेख दाखवला, बाळाचा मापक आणि माझा मापक ही गोष्ट कागदावर काढून दाखवली. सासूबाईंनी मात्र ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे बाळ तुझ्यासारखंच आहे ना?"

मुलगी झाली, 2 किलो 900 ग्रॅमची. तिची जनुक-चाचणी आम्ही घाई करून केली नाही, कारण त्याने तिच्या उपचारात काहीच बदलणार नव्हतं. नंतर एकदा तापात रक्त तपासलं तेव्हा साखर जराशी चढी आली आणि बालरोगतज्ज्ञ दचकले. मी माझ्या रिपोर्टची प्रत पुढे केली. तापात कुणाचीही साखर चढू शकते, म्हणून ती बरी झाल्यावर उपाशीपोटी पुन्हा पाहिली, 110 आली. आता तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवलंय, म्हणजे कुठल्या दवाखान्यात तिला टाइप 1 समजून कुणी इन्सुलिन सुरू करणार नाही.

आता विषय आत्याचा आहे. आमच्याकडे आत्याच्या मुलाला मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आणि आत्याच्या मनात तिच्या मुलासाठी माझी धाकटी बहीण होती. मी दोघांनाही आधी चाचणी करा म्हणाले. दोघांतही बदल असता तर प्रत्येक बाळात चारातली एक शक्यता दोन्ही प्रती बिघडलेल्या येण्याची, आणि तेव्हा मापकच उरत नाही. त्या बाळाला जन्मापासून कायमचा मधुमेह होतो, इन्सुलिनवाचून चालत नाही. बहिणीची साखर 86 आणि चाचणी निगेटिव्ह. आत्याच्या मुलाची पॉझिटिव्ह. ते स्थळ पुढे वेगळ्याच कारणांनी बारगळलं. पण त्याचं आता दुसरीकडे ठरतंय, आणि त्याच्या होणाऱ्या बायकोलाही हा कागद दाखवायला मी त्याला सांगितलंय. आईची साखर नॉर्मल आणि बाळात वडिलांकडून आलेला बदल असेल तर बाळ सरासरी अर्धा किलोने हलकं जन्मतं, आणि तिच्या डॉक्टरांना ते आधी माहीत असायला हवं.